कूळकथा बदलते तेव्हा

दिवाळी अंकात इतिहासावर लेख म्हटला की विषय ठरलेले असतात. वेंगुर्ल्याची डच वखार, पानिपत, नाहीतर 'आमचे पणजोबा आणि लोकमान्य'. हा लेखही इतिहासावरच आहे, पण ज्या लोकांच्या इतिहासाबद्दल आहे ते लोक कधी जन्मालाच आले नाहीत. ते कॉम्प्युटरच्या खेळातले आहेत. संपादकांना विषय सांगितला तेव्हा त्यांनी आधी चष्मा काढून पुसला आणि मग म्हणाले, "लिहा, पण वाचकांना झेपेल असं लिहा." तेव्हा मंडळी, प्रयत्न करतो.

स्लोटरडाइक स्टेशनला लागून ज्या काचेच्या इमारती आहेत त्यांतल्या एकीत मी बरीच वर्षं नोकरी केली. तिथल्या चार-पाच सहकाऱ्यांबरोबर रात्री जेवणं उरकल्यावर एक ऑनलाइन खेळ खेळायची मला सवय लागली. बायको त्याला 'तुमचं भजनी मंडळ' म्हणायची. त्या खेळात आम्ही लढाया कमी आणि बडबड जास्त करायचो. प्रत्येकाचं एक सोंग. त्या सोंगाचं नाव, गाव, जात-जमात, देव, भांडणं, सगळं ठरलेलं, आणि तासन्‌तास त्या सोंगाच्या तोंडूनच बोलायचं. याला 'रोलप्ले' म्हणतात. कोकणातल्या वाचकांना हे चटकन कळेल. दशावतारात छापील संवाद कुठे असतात? आख्यान सगळ्यांना ठाऊक, संकासुर कोण ते ठाऊक, पुढचं बोलणं जागच्या जागी. इथेही तसंच.

फक्त एक फरक आहे आणि या लेखाचा विषय तोच आहे. दशावताराचं आख्यान मध्येच कुणी बदलत नाही. या खेळांचं आख्यान एका कंपनीच्या मालकीचं असतं आणि ती ते हवं तेव्हा बदलते. आख्यानाच्या या पार्श्वभूमीला खेळणारी मंडळी 'लोर' म्हणतात. मी आपला 'कूळकथा' म्हणतो. तुम्ही पाच वर्षं ज्या जमातीचं सोंग वठवलंत, त्या जमातीची कूळकथाच एका मंगळवारी सकाळी बदलली, तर काय करायचं?

थोडा पूर्वेतिहास

या सगळ्याची सुरुवात १९७४ साली अमेरिकेत झाली. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. कागद, पेन्सिल, फासे आणि कल्पनाशक्ती, एवढंच सामान. कुणी बुटका व्हायचं, कुणी एल्फ म्हणजे निमुळत्या कानांचा वनवासी, कुणी माणूस. चार वर्षांनी, १९७८ साली, इंग्लंडमध्ये एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी असाच खेळ कॉम्प्युटरवर आणला. त्याचं नाव 'मड'. चित्रं नाहीत, फक्त अक्षरं. 'तुम्ही एका अरुंद वाटेवर उभे आहात' असं पडद्यावर उमटायचं, आणि त्याच वाटेवर दुसऱ्या खोलीत बसलेला दुसरा माणूसही उभा असायचा.

आपल्या अॅमस्टरडॅमचाही यात वाटा आहे. १५ जानेवारी १९९४ रोजी इथे 'डिजिटल शहर' सुरू झालं. लाइड्सप्लाइनजवळची 'दे बाली' ही संस्था आणि 'हॅकटिक' या नावाने ओळखली जाणारी इथली हॅकर मंडळी यांनी मिळून, त्या वर्षीच्या नगरपालिका निवडणुकीच्या निमित्ताने, दहा आठवड्यांचा प्रयोग म्हणून ते काढलं होतं. घरच्या फोनला मोडेम लावून कुणीही त्या शहराचा रहिवासी होऊ शकत असे. मार्लीन स्टिकर या बाई त्या शहराच्या महापौर. लोकांच्या इतक्या उड्या पडल्या की दहा आठवडे संपल्यावर ते बंद करणं कुणाच्या मनातही आलं नाही. पुढे त्यात चौक आले, घरं आली, आणि 'मेट्रो' नावाचा एक मडच्या वळणाचा भागही होता, तिथे लोक सोंगं घेऊन भेटत आणि नवी ठिकाणं रचत. २००१ साली ते सार्वजनिक शहर बंद पडलं. मग काही वर्षांनी अॅमस्टरडॅम म्युझियमने चक्क त्याचं उत्खनन हाती घेतलं! जुन्या टेप, जुने सर्व्हर, कुणाच्या माळ्यावर पडलेल्या डिस्क गोळा केल्या. मोहेंजोदारोला फावडं लागलं, इथे जुनी यंत्रं चालवणारी माणसं लागली. जेमतेम सात-आठ वर्षं जगलेल्या शहराचा इतिहास वाचवायला एवढा खटाटोप करावा लागला, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

डार्कस्पीअर ट्रोल नावाची जमात

आमचा खेळ होता 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'. अमेरिकेत तो नोव्हेंबर २००४ मध्ये आला, युरोपात ११ फेब्रुवारी २००५ रोजी. त्यात सोंगवाल्यांसाठी वेगळे सर्व्हर होते. 'आर्जेंट डॉन' हा युरोपातला त्यांपैकी एक गाजलेला. खेळात दोन बाजू. एकीकडे माणसं, बुटके, एल्फ वगैरे 'सभ्य' मंडळी. दुसरीकडे ऑर्क, टॉरेन, ट्रोल अशी 'रानटी' म्हणून हिणवलेली.

आम्ही सगळे ट्रोल झालो, तेही डार्कस्पीअर या जमातीचे. त्यांची कूळकथा अशी: त्यांच्याहून बलाढ्य अशा ट्रोलांनी त्यांना जंगलातून हुसकलं. ते समुद्रातल्या बेटांवर गेले. तिथेही संकट आलं, त्यांचा म्होरक्या सेनजिन मारला गेला, आणि ऑर्कांचा पुढारी थ्रॉल याने उरलेल्यांना आपल्याबरोबर नेलं. नव्या मुलखात एको आइल्स नावाची छोटी बेटं मिळाली, तर घरातलाच एक मांत्रिक उलटला आणि तीही गेली. खेळ सुरू झाला तेव्हा या जमातीला स्वतःची राजधानी नव्हती. नवा ट्रोल जन्माला यायचा तो ऑर्कांच्या आवारात. ऑर्कांच्याच शहरात एका कोपऱ्यात त्यांची वस्ती. भाड्याच्या घरातली जमात म्हणा ना.

आमच्यातला एक सहकारी मूळचा क्युरासाओ बेटावरचा. या ट्रोलांना कंपनीने कॅरिबियन बेटांवरच्या लोकांसारखं, साधारण जमैकन वळणाचं बोलणं दिलं होतं. तो मला म्हणाला, "एवढ्या मोठ्या खेळात आमच्या बाजूच्या लोकांसारखं बोलणारी एकच जमात, आणि नेमकी तीच जादूटोणा करणारी, पूर्वी माणसं खाणारी!" मी विचारलं, मग तू ट्रोलच का झालास? तो म्हणाला, "म्हणूनच. कुणीतरी आतून बोलायला नको?"

हे वाक्य मला फार वर्षं पुरलं. सोंग घेणारे लोक अशाच कोपऱ्यातल्या जमाती का निवडतात, याचं ते उत्तर आहे. राजघराण्याचा इतिहास कंपनीने सविस्तर लिहिलेला असतो. कोपऱ्यातल्या जमातीबद्दल चार ओळी असतात. त्या चार ओळींच्या मधली जागा रिकामी असते, आणि ती भरायचं काम खेळणाऱ्यांना मिळतं. त्यांची लग्नं कशी होतात, पाहुणा आला तर काय करतात, मेलेल्याला काय करतात? आमच्या टोळीने हे सगळं ठरवलं. एक डच शिक्षिका आमच्यात होती, तिने ते एका वहीत लिहून ठेवलं. डार्कस्पीअर समुद्र ओलांडून आले, म्हणून मेलेल्याला समुद्रात सोडायचं, असा आमचा रिवाज होता. तीन 'अंत्यविधी' आम्ही तसे केले. हसू नका, एकाच्या वेळी माझे डोळे खरंच भरून आले होते.

कंपनी नवं पुस्तक काढते

आता कूळकथा कशा बदलतात ते पाहू. सगळ्यांत गाजलेलं उदाहरण ड्रनाय या जमातीचं. 'ड्रनाय' या शब्दाचा अर्थच मुळी 'देशोधडीला लागलेले'. आधीच्या वॉरक्राफ्ट खेळात ते वाकलेले, विद्रूप, कसेबसे तगलेले लोक होते. जानेवारी २००७ मध्ये 'बर्निंग क्रूसेड' हा नवा भाग आला आणि ड्रनाय म्हणजे एका दूरच्या ग्रहावरून जहाजातून निसटलेली, निळ्या अंगाची, देखणी, पुरातन प्रजा ठरली. जुने विद्रूप लोक हे त्यांच्यातलेच बिघडलेले, असा खुलासा जोडला गेला. जुन्या पुस्तिकेत छापलेल्या गोष्टीशी हे उघडउघड विसंगत होतं. खेळाचे मुख्य कथाकार ख्रिस मेटझेन यांनी ती आपलीच चूक असल्याचं जाहीरपणे मान्य केलं. कथा मात्र नवीच राहिली.

२०००च्या दशकात या खेळावरची छापील नियमपुस्तकंही निघाली होती. त्यांत जमातींच्या चालीरीती, गावांची लोकसंख्या असे तपशील होते. सोंगवाल्यांनी त्यांवर आपली घरं बांधली. नंतर कंपनीने सांगून टाकलं की ती पुस्तकं अधिकृत नाहीत. मग २०१६ साली 'क्रॉनिकल' नावाचा जाडजूड ग्रंथ आला, हा शेवटचा शब्द म्हणून. त्यात एक गंमत होती. ट्रोल आधीपासून सांगत की हे गर्विष्ठ एल्फ मूळचे आमच्यातलेच, आणि एल्फ ते साफ नाकारत. क्रॉनिकलने ट्रोलांच्या बाजूने निकाल दिला. एल्फांची उत्पत्ती ट्रोलांपासूनच! वरच्या आळीने खालच्या आळीशी नातं नाकारायचं आणि जुनं कागदपत्र निघाल्यावर तोंड लपवायचं, हे आपल्याला काही नवं नाही.

पण क्रॉनिकलही टिकलं नाही. पुढच्या कथांशी त्याचा मेळ बसेना, तेव्हा कंपनीच्याच लोकांनी सांगितलं की तो ग्रंथ टायटन नावाच्या देवतुल्य सत्तेच्या नजरेतून लिहिलेला आहे, तेव्हा त्यातलं सगळंच खरं धरू नका. म्हणजे दरबारी बखर म्हणा!

डार्कस्पीअरांचं काय झालं? २०१० साली त्यांना बेटं परत मिळाली. आमच्या टोळीत त्या रात्री सण होता. २०१३ साली त्यांचा म्होरक्या वोलजिन सगळ्या बाजूचा प्रमुख झाला. भाडेकरू घरमालकाच्या खुर्चीत बसला. आणि २०१६ साली कंपनीने त्याला एका लढाईत मारून टाकलं. त्याचा अंत्यविधी पडद्यावर दाखवला, तो चितेवर. २०१८ च्या भागात त्याची रक्षा कलशातून ट्रोलांच्या मूळ राज्यात नेण्याची कामगिरी होती.

झालं. आमचा समुद्राचा रिवाज खोटा ठरला. टोळीत तीन तट पडले. एक म्हणाला, कंपनी काहीही म्हणो, आपण आपलंच चालू ठेवू. दुसरा म्हणाला, अधिकृत ते अधिकृत, वही फेकून द्या. त्या शिक्षिकेने तिसरा मार्ग काढला. ती म्हणाली, "राजाला अग्नी, गरिबाला समुद्र. यात चुकीचं काय? तुमच्या देशात सगळ्यांना एकाच पद्धतीने निरोप देतात का?" मी तिला सांगितलं, अजिबात नाही. आपल्याकडे लिंगायत समाजात दफन करतात, संन्याशाला समाधी देतात, तान्ह्या बाळाला पुरतात. तेव्हापासून वहीत तसं लिहिलं गेलं, आणि आमचा रिवाज शाबूत राहिला.

जन्मजात गुन्हेगार

इथपर्यंत सगळं गंमतीचं वाटेल. आता थोडं गंभीर.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या नियमपुस्तकात प्रत्येक जमातीपुढे तिची वृत्ती लिहिलेली असायची. ऑर्कांपुढे लिहिलेलं असायचं 'दुष्ट'. एखादा ऑर्क नव्हे, सगळी जमात. 'विस्तानी' नावाचे भटके लोक होते. युरोपातल्या रोमा समाजावरून ते बेतलेले, आणि त्यांचं चित्रण दारुडे, लबाड असं. रोमा म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी आपल्याच उपखंडातून पश्चिमेला गेलेले लोक. नाझींनी त्यांचीही कत्तल केली, आणि इथून, नेदरलँड्समधून, वेस्टरबोर्क छावणीतून त्यांना आउशवित्झला नेलं गेलं. जून २०२० मध्ये खेळाच्या कंपनीने जाहीर केलं की ऑर्क आणि ड्राउ या जमातींचं चित्रण खऱ्या जगातल्या समाजांच्या बदनामीची आठवण करून देणारं होतं, आणि ते आता बदलू. विस्तानींचा मजकूर सुधारला. २०२२ साली माकडासारख्या दिसणाऱ्या हादोझी जमातीला गुलामगिरीची कूळकथा दिली गेली, त्यावर गदारोळ झाला, कंपनीने माफी मागून ती काढली. २०२४ च्या नव्या पुस्तकात 'वंश' हा शब्दच गेला आणि 'प्रजाती' आला.

बरेच जुने खेळाडू चिडले. ऑर्क खरे थोडेच आहेत, त्यांची कसली बदनामी, असं त्यांचं म्हणणं. माझ्या ओळखीच्या काही मराठी मुलांचंही तेच. त्यांना मी आपलीच एक गोष्ट सांगतो.

१८७१ साली इंग्रज सरकारने 'क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्ट' केला. काही जमाती जन्मतःच गुन्हेगार, असं त्यात गृहीत धरलं होतं. १९११ च्या सुधारणेनंतर तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात लागू करता आला. पारधी, कैकाडी, भामटा अशा कितीतरी जमातींची नोंद झाली. पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायला परवानगी. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड वसाहत होती. आजही सोलापूरकर त्या भागाला 'सेटलमेंट'च म्हणतात. मूल जन्माला आलं की तेही त्या यादीत. नियमपुस्तकात जमातीच्या नावापुढे 'दुष्ट' लिहावं, अगदी तसंच! फरक एवढाच की हे पुस्तक सरकारचं होतं आणि माणसं हाडामांसाची.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती त्या कायद्यातून मुक्त झाल्या, म्हणून त्या दिवसाला 'विमुक्त दिन' म्हणतात. कायदा गेला, पण कूळकथा गेली नाही. चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर धाड, हे नंतरही चालूच राहिलं. ती कूळकथा बदलायला आतूनच बोलणारी माणसं लागली. १९८० साली लक्ष्मण माने यांचं 'उपरा' आलं, १९८७ साली लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या'. कैकाडी कसे असतात आणि उचल्या कसे जगतात हे पहिल्यांदाच त्यांच्या घरातून सांगितलं गेलं. 'उचल्या' ही तर शिवी. तीच त्यांनी पुस्तकाच्या पाठीवर छापली.

तेव्हा ऑर्क खोटे असले तरी 'सगळी जमातच दुष्ट' हे वाक्य खोट्या जगातून आलेलं नाही. ते खऱ्या कायद्यांतून, खऱ्या नोंदवह्यांतून खेळात शिरलं. ते काढलं, बरं झालं.

जुनं पान कुठे गेलं?

मात्र एका गोष्टीवर माझं कंपनीशी भांडण आहे. डिसेंबर २०२१ मध्ये जुन्या एका पुस्तकातला काही मजकूर वगळला गेला. ज्यांच्याकडे छापील पुस्तक होतं त्यांच्याकडे तो राहिला. ज्यांनी तेच पुस्तक ऑनलाइन विकत घेतलं होतं, त्यांच्या पुस्तकातून तो आपोआप नाहीसा झाला. पैसे मोजून घेतलेल्या पुस्तकातून पानं गेली, आणि तिथे कधी काही होतं याची खूणही उरली नाही.

याउलट आपल्याकडचं उदाहरण घ्या, संभाजीराजांचं. मल्हार रामराव चिटणिसांची बखर १८११ च्या सुमाराची, म्हणजे राजांच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांची. चिटणीस हे बाळाजी आवजींचे वंशज. त्या बाळाजी आवजींना संभाजीराजांच्या हुकमाने १६८१ साली देहान्त शिक्षा झाली होती. बखरीत राजे व्यसनी आणि उतावळे दिसतात यात नवल काय? पुढे नाटककारांनी तेच उचललं. राम गणेश गडकऱ्यांचं 'राजसंन्यास' त्याच वळणाचं. गडकरी १९१९ साली गेले, त्यांच्या हाताशी बखरींखेरीज फारसं काही नव्हतं. मग वा. सी. बेंद्रे यांनी कित्येक वर्षं देशी-परदेशी दफ्तरं धुंडाळून १९६० साली राजांचं चरित्र प्रसिद्ध केलं. १९७१ साली डॉ. कमल गोखले यांचं 'शिवपुत्र संभाजी' आलं. 'बुधभूषण' हा संस्कृत ग्रंथ लिहिणारा, औरंगजेबाशी नऊ वर्षं झुंजणारा राजा उभा राहिला. शिवाजी सावंतांच्या 'छावा' कादंबरीने १९७९ पासून तो घराघरांत नेला.

कूळकथा बदलली, पुराव्याने बदलली. आणि हे महत्त्वाचं, की चिटणिसांची बखर कुणी नाहीशी केली नाही. ती कपाटात आहे, शेजारी बेंद्रे आहेत. कुणीही दोन्ही वाचावीत आणि चिटणीस असं का लिहून गेले हेही समजून घ्यावं. जुनी बखर राहिली नसती तर बेंद्र्यांनी कशाविरुद्ध झुंज दिली हे तरी कसं कळलं असतं? १८७१ चा कायदा पुस्तकांतून पुसला, तर पारध्याची तक्रार उगाचची वाटेल, तसंच हे. जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा अर्धपुतळा उखडून मुठेत टाकला गेला, तेव्हा मला म्हणूनच वाईट वाटलं. गडकऱ्यांनी रंगवलेला संभाजी चुकीचा होता हे बेंद्र्यांनी पुराव्यानिशी दाखवलेलं होतं. पुतळा नदीत टाकून त्या पुराव्यात एका कागदाचीही भर पडली नाही.

खेळातले मराठे आणि आपण

वाचक विचारतील, या खेळांत आपण मराठे कुठे? आहोत की. २००९ साली आलेल्या 'एम्पायर: टोटल वॉर' या खेळात मराठ्यांची बाजू घेऊन खेळता येतं, आणि डचांचीही. इथल्या आपल्या मुलांना दोन्हीकडून खेळायची सोय! फक्त तो खेळ सुरू होतो १७०० साली आणि आपलं नाव दिलंय 'मराठा संघ'. प्रत्यक्षात १७०० च्या मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले होते, औरंगजेबाचा वेढा साताऱ्याला पडला होता, आणि ताराबाईंच्या हाती कारभार येत होता. शिंदे, होळकर, गायकवाड यांचा संघ म्हणावा असं काही व्हायला अजून काही दशकं होती. मुलांना हे सांगायला तोच खेळ निमित्त म्हणून उत्तम.

'एज ऑफ एम्पायर्स'च्या दुसऱ्या भागात २०१३ साली 'इंडियन्स' नावाचा एकच गठ्ठा आला. २०२२ साली तो फोडून हिंदुस्थानी, गुर्जर, द्रविड आणि बंगाली असे चार केले. देवगिरीचे यादव यांपैकी कुठल्या खोक्यात बसवायचे यावर आमच्या घरी एक अख्खी संध्याकाळ गेली. ज्ञानेश्वरी ज्यांच्या राज्यात लिहिली गेली त्यांना जागा नाही! त्याच मालिकेच्या तिसऱ्या भागात मात्र २०२० साली अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची इतरांनी ठेवलेली नावं काढून लकोटा, होडेनोशोनी ही त्यांची स्वतःची नावं आली, आणि तीही त्या समाजातल्या लोकांशी बोलून. विचारून बदल करता येतो, तो असा.

आता शेवटचा मुद्दा, आपल्या सगळ्यांचा. आपण जो महाराष्ट्र बरोबर घेऊन निघालो तो आपण निघालो त्या वर्षाचा. कुणाचा १९७५ चा, कुणाचा १९९८ चा. नंतर तिकडे नवे भाग निघत राहिले. १९९५ साली बॉम्बेची अधिकृतपणे मुंबई झाली. २०२३ साली औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव, २०२४ साली अहमदनगरचं अहिल्यानगर. आपण अजून 'नगरची माणसं' म्हणतो आणि सुट्टीत गेल्यावर पुतणे दुरुस्त करतात. भाषा बदलली, सणांची पद्धत बदलली. इथे जन्मलेली आपली मुलं गणपतीत जे धोतर नेसतात, मोडक्या मराठीत जो पोवाडा म्हणतात, ते सोंगच आहे म्हणा. त्यांनी न पाहिलेल्या गावाचं, आपण सांगितलेल्या चार ओळींवरून उभं केलेलं. मधल्या रिकाम्या जागा ती आपापल्या परीनं भरतात. मोदकात कॅरॅमल घालतात. त्यांना "असं नसतं" म्हणून गप्प करणारे आपण, आणि आपल्याला "आता तसं नसतं" म्हणणारे पुण्याचे नातेवाईक, दोघंही त्या टोळीतल्या दुसऱ्या तटाचे, 'वही फेका' म्हणणारे!

स्लोटरडाइकचंच पाहा ना. आपल्याला ते स्टेशन म्हणून माहीत. पण स्टेशनपासून थोडं चाललं की १६६४ सालचं पेट्रुसकर्क हे चर्च आणि त्याभोवती उरलेली थोडी जुनी घरं दिसतात. ते मूळ स्लोटरडाइक गाव. हार्लेमच्या कालव्यावरून घोड्यांनी ओढलेल्या नावा तिथून जात. १९२१ साली ते अॅमस्टरडॅममध्ये सामील झालं, मग कचेऱ्या आल्या. गाव नकाशातून जवळजवळ गेलं, पण जुनं चर्च कुणी पाडलं नाही, म्हणून आज स्टेशनच्या नावाचा अर्थ तरी विचारता येतो.

म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. आपले जुने दिवाळी अंक, पहिल्या गणेशोत्सवाची वर्गणीची वही, रद्द झालेल्या नाटकांची हस्तलिखितं, हे सगळं एका कपाटात ठेवावं. त्यात आज चुकीचं वाटेल असंही बरंच असेल. असू दे. नवीन पिढीने आपली वही जरूर लिहावी, आपल्या रिवाजांत हवे ते बदल करावेत, पण जुनी वही शेजारी असू द्यावी. डिजिटल शहराचं उत्खनन करायला म्युझियम धावलं. आपल्या वर्गणीच्या वहीसाठी कुणी धावणार नाही.

दिवाळीच्या शुभेच्छा!